वनाआबांचा डावा जोडा

टिटवीखेड्याचे वना हिरामण पाटील कशासाठी प्रसिद्ध व्हावेत असे गृहस्थ नव्हते. पारोळ्यापासून चार कोसांवर, बोरी नदीच्या अंगाला असलेल्या त्या गावात त्यांची थोडी काळी जमीन होती, एक बैलजोडी होती आणि एक गाडी होती. पावसाळ्यात कपाशी लावायची, वेचणी झाली की स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा कापूस गाडीत दाबून भरून धुळ्याच्या जिनात नेऊन घालायचा, आणि उरलेलं वर्ष आउतामागे चालायचं, एवढाच त्यांचा व्याप. बोलणं कमी. खोटं तर बोलताच येत नसे. लग्न जमवायच्या बैठकीला त्यांना कोणी नेत नसे, कारण मुलीकडच्यांनी विचारलं की आबा मुलाचं खरं वय सांगून मोकळे होत.

त्यांचे पाय मात्र वाजवीपेक्षा मोठे होते. गावच्या चांभाराकडे त्या मापाचा साचाच नव्हता. म्हणून धुळ्याचा एक कारागीर म्हशीच्या कातड्याचा जोडा त्यांच्यासाठी मुद्दाम करून देई. १९२९ साली केलेल्या जोड्याला आबांनी दोन वर्षं करंजाचं तेल चोळलं, शेणात तुडवला, चिखलात भिजवला आणि तसाच पायात वाळवला. आबांच्या पायांना घामही फार. व्हायचं ते झालं. धुरपदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीने, सांगून टाकलं की हा जोडा घरात नको, ओसरीवर नको, गोठ्यातही नको, बैलांचं खाणं कमी होतं. तेव्हापासून जोडा गोठ्यापलीकडच्या बाभळीखाली असे. गावात जोडे पळवणारी एक कुत्री होती. तिने पोलीसपाटलाचा जोडा नेला, शिंप्याचा नेला, लग्नाला आलेल्या पाहुण्यांचे तर तीन नेले. ती एकदा बाभळीपर्यंत आली, थांबली, शिंकली आणि परत गेली.

आबांच्या शेजारी भिकूबाईचं घर. भिकूअक्का म्हणजे गावातला मोठा आवाज. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा पांढऱ्या मातीसारखा मऊ, आणि सून तानुबाई, जिचा आवाज गावाने अजून ऐकलाच नव्हता. तीन पोरी झाल्यावर तानुबाईला मुलगा झाला. त्याचं नाव छगन. छगनला दृष्ट लागू नये म्हणून भिकूअक्काने त्याच्या गळ्यात, कमरेत, दंडात इतकं काही बांधलं होतं की त्याला आंघोळ घालणं म्हणजे गाडीचे बैल सोडण्यासारखं काम होई.

छगन दहा महिन्यांचा असताना, १९३१ च्या मार्गशीर्षात, एके सकाळी ते घडलं. आबा शेताकडे निघाले होते. तहान लागली म्हणून भिकूअक्काच्या ओट्यावर टेकले, जोडा खाली काढला आणि तांब्या तोंडाला लावला. समोर तानुबाई छगनला मांडीवर घेऊन दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. पोराचं लक्ष नव्हतं, म्हणून तिने गुळाचा खडा दाखवला. खडा पाहताच छगनची मान आखडली, खांदे वर गेले, मुठी वळल्या आणि सगळं अंग थरथर थरथर हललं. अंगावर गार पाण्याची घागर ओतल्यावर माणूस काकडतो, तसं. दातही आवळले, होते ते चार.

"माय वं! पोऱ्याले फेफरं उनं!" भिकूअक्का ओरडली. "जोडा लया रे, कोणी जोडा लया!"

फेफरं आलं की जोडा हुंगवायचा, हे तेव्हा गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांत जवळचा जोडा आबांचा. भिकूअक्काने डाव्या पायातला उचलला आणि पोराच्या नाकाला लावला. पोर तत्क्षणी थांबलं. मग शिंकलं. मग गुळाकडे हात करून रडू लागलं.

ओट्यासमोर पंधरा माणसं जमली होती. सगळ्यांनी जोड्याकडे पाहिलं आणि मग आबांकडे.

आबांनी मात्र वेगळंच पाहिलं होतं. ते पोराच्या अगदी समोर बसले होते. छगन थरथरत होता तेव्हा त्याचे डोळे गुळावर होते. फिरले नव्हते, पांढरे झाले नव्हते. उलट तो हसत होता. दात आवळून, मुठी वळून, आनंद मावत नसल्यासारखा. आणि जोडा नाकाला लागायच्या आधीच त्याचे खांदे खाली यायला लागले होते.

"अक्का," आबा म्हणाले, "जोडामुये काही व्हयनं नही. तो आपोआपच थांबना."

"आबा, तुम्हीसुद्धा!" भिकूअक्का डोळे पुसत म्हणाली. "स्वतःनं मोठेपण स्वतः कोणी सांगस का?"

त्या दिवशी छगन आणखी चार वेळा थरथरला. शेळी दिसली तेव्हा, बाप शेतातून आला तेव्हा, आणि दोनदा पुन्हा गुळासाठी. चारही वेळा भिकूअक्काने हाकाटी केली. शेजार असल्यामुळे आबांचा जोडा सगळ्यांच्या आधी पोचे, आणि पोचला की पोर थांबलेलं असे. दुसऱ्या टोकाहून सुताराचा जोडाही धावत येई, पण तो पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असे. त्यामुळे सुताराच्या जोड्यात काही नाही असं ठरलं. एकदा आबा शेतात असताना सोनाराचा नवा कोरा जोडा वापरला. पोर थांबलं, पण गुळाचा खडा अजून समोरच होता, म्हणून लगेच पुन्हा थरथरलं. सोनाराच्या जोड्याची फार बदनामी झाली. सोनाराने तो आठवडाभर पायात घातला नाही.

पंधरा दिवसांत आबांचा डावा जोडा भिकूअक्काच्या ओसरीतल्या खुंटीवर जाऊन बसला. ओसरीत बसणारे उठून अंगणात बसू लागले. आबा एका पायात जोडा आणि एक पाय अनवाणी असे शेतात जाऊ लागले. काटा नेमका डाव्या पायात जाई. त्यांनी धुळ्याच्या कारागिराकडे दुसऱ्या जोड्याचं माप सांगून पाठवलं, तर ती बातमी भिकूअक्काला कळली आणि ती तरातरा आबांच्या अंगणात आली.

"आबा, नवा जोडा घालशात, मग जुनानं काय व्हई? त्याना वास उडी जाई ना!"

"जाऊ द्या ना उडी."

"आणि मन्हा नातू?"

यावर आबांकडे उत्तर होतं, पण ते त्यांनी आधी वीस वेळा दिलेलं होतं. शेवटी चावडीवर बैठक बसली. अशी बैठक टिटवीखेड्यात पूर्वी झाली नव्हती. वना पाटलांनी पाय धुवावेत की धुवू नयेत, हा विषय. पोलीसपाटील म्हणाले, पाय ज्याचे त्याचे, गावाला त्यात बोलता येत नाही. सुतार म्हणाला, पण लेकरू गावाचं आहे. बराच खल होऊन असं ठरलं की आबांनी रोज सकाळी डावा जोडा खुंटीवरून काढून घालावा, त्यात निदान दोन घटका शेतात चालावं, ओल असेल तर फार उत्तम, आणि मग तो परत खुंटीला लावावा. उजवा पाय त्यांनी खुशाल धुवावा. डावा मात्र सणावारीच.

हे धुरपदाबाईंना कळलं तेव्हा त्या चूल सारवत होत्या. त्या उठल्या नाहीत. हात तसेच मातीत ठेवून एवढंच म्हणाल्या, "चावडीवर बठ्ठास्नी ठरायं ना? मग चावडीवरच ऱ्हा."

आबा तेव्हापासून जेवायला ओसरीच्या पायरीवर बसू लागले. उजवा पाय ओसरीवर, डावा पाय अंगणात. धुरपदाबाई ताट लांबूनच सरकवत.

आबांना या सगळ्याचा मनापासून त्रास होई, पण तो पायांचा नव्हता. आपण काहीही केलेलं नाही आणि लोक पाया पडतात, याने त्यांना कानकोंडं होई. जो भेटेल त्याला ते सांगत, की पोर थरथरताना शुद्धीवर असतं, बघतं, हसतं, आणि सहा-सात आकडे मोजेपर्यंत आपणच थांबतं. ऐकणारा मान डोलावी आणि जाताना त्यांच्या डाव्या पायाला हात लावून जाई.

एकच माणूस होतं ज्याने हे पाहिलेलं होतं. ती तानुबाई. वेचणीच्या दिवसांत ती पोराला शेतात आणी आणि बांधावरच्या लिंबाखाली झोळीत ठेवी. एके दुपारी आबा बांधावर बसले होते. छगनला शेळीचं पिल्लू दिसलं आणि त्याचं सुरू झालं. भिकूअक्का घरी, जोडा खुंटीवर. तानुबाई धावत आली, पण पोराला तिने उचललं नाही. ती नुसती उभी राहिली आणि ओठांनी काहीतरी पुटपुटू लागली. आबांनी कान दिला. ती मोजत होती.

"पाच, सव, सात..."

पोर थांबलं आणि पिल्लाकडे हात करून हसलं.

"तू बी मोजस?" आबांनी विचारलं.

तानुबाईने पदर पुढे ओढला. मग गावाने कधी न ऐकलेला तो आवाज आबांनी ऐकला. "आबा, मी कवयनी मोजी ऱ्हायनू. नऊना वर कधी जात नही. झोपमा कधी व्हत नही. त्याले आवडीसन काही दिखनं, का व्हस."

"मग सासूले कसाले सांगत नहीस?"

तानुबाईने आबांकडे असं पाहिलं की आबांना आपला प्रश्न मागे घ्यावासा वाटला.

दोघांनी त्या दुपारी आणखी पाच वेळा पाहिलं. गूळ दाखवून, पिल्लू दाखवून, आबांची लाल पगडी हलवून. पाचही वेळा जोड्याशिवाय पोर आपलं आपण थांबलं. आबा खूश होऊन संध्याकाळी भिकूअक्काकडे गेले आणि सगळं सांगितलं. फक्त तानुबाईचं नाव गाळलं.

भिकूअक्का शांतपणे ऐकत होती. "पण आबा, तठे तुम्ही बठेल व्हतात ना?"

"हो, मी व्हतू."

"मग! जोडाना मालकच समोर बठेल, तठे जोडानं काय काम?"

त्या दिवसापासून छगनला काही झालं की जोड्याबरोबर आबांनाही बोलावणं येऊ लागलं.

माघात कापूस धुळ्याला न्यायची वेळ आली, तेव्हा आबांच्या मनात एक विचार आला. धुळ्याला सरकारी दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं की अक्काला पटेल. पण दवाखान्याचं नाव काढलं की भिकूअक्का पोराला पोटाशी धरी. आबांनी विचार केला आणि जे खरंच होतं तेच सांगितलं. जोड्याचा तळ झिजला होता. तो शिवायला ज्या कारागिराने केला त्याच्याकडेच न्यावा लागणार होता. चार दिवस जोडा गावात नसणार.

भिकूअक्काचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पहाटे कापसाच्या गाडीवर, दाबलेल्या कापसाच्या ढिगावर, भिकूअक्का, तानुबाई आणि छगन बसले होते. जोडा मधोमध, फडक्यात गुंडाळून. बैल वाऱ्याच्या उलट दिशेला चालले की ठीक चालत. वारा मागून आला की पळत.

धुळ्यात जोडा कारागिराकडे टाकण्याआधी आबा गाडी दवाखान्यासमोर उभी करून म्हणाले, "अक्का, आते आठे उनूच शेत, तर दखाडी लेऊ."

डॉक्टर वयस्कर होते, पुण्याकडचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी छगनला तपासलं, पापण्या वर करून डोळे पाहिले, पोट चेपलं, पाय वाकवले. छगन निवांत होता. डॉक्टर म्हणाले, "मुलाला काय होतंय ते मला दिसलं पाहिजे."

गूळ दाखवला. छगनने गुळाकडे पाहिलंही नाही. आबांनी पगडी हलवली. तानुबाईने टाळ्या वाजवल्या. भिकूअक्काने बाहेर जाऊन कोणाची तरी शेळी ओढत आणली, ती दवाखान्याच्या शिपायाने दारातच अडवली. बाहेर रोग्यांची रांग वाढत चालली. डॉक्टरांनी घड्याळ पाहायला खिशातून चांदीची साखळी ओढली, ती चमकली, आणि छगनला साखळी दिसली.

मान आखडली, खांदे वर गेले, मुठी वळल्या.

"उनं! उनं!" भिकूअक्काने फडकं सोडलं आणि जोडा घेऊन झेपावली. डॉक्टर नेमके पोराचे डोळे पाहायला खाली वाकले होते. जोडा पोराच्या नाकापर्यंत गेलाच नाही. तो डॉक्टरांच्या नाकाला लागला.

डॉक्टर दोन पावलं मागे सरकले आणि टेबलाला धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शिपायाने खिडक्या उघडल्या. छगन केव्हाच थांबला होता आणि साखळी मागत होता.

"हा कोणाचा?" डॉक्टरांनी रुमालातून विचारलं.

"माझा," आबा म्हणाले. "डावा."

डॉक्टर खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. मग शांत आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलले. "बाई, हे फेफरं नाही. मी त्याचे डोळे पाहत होतो, निदान अर्धा वेळ तरी. तो शुद्धीत होता. माझ्याकडे बघत होता, साखळीकडे बघत होता. याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण माझ्या भाच्याला लहानपणी हेच होई. आनंद झाला, आवडीचं दिसलं, की अंग शहारून जाई. तो तीन-चार वर्षांचा झाला आणि बंद झालं. आज वकील आहे. मुलाचं अंग धडधाकट आहे. याला कशाचीही गरज नाही."

मग ते आबांकडे वळले. बहुधा जोड्याचा मालक म्हणून त्यांनाच जबाबदार धरलं असावं. "खरी आकडी वेगळी असते. तिच्यात मूल तुमच्या हाकेला ओ देत नाही, डोळे फिरतात, अंग तापलेलं असतं पुष्कळदा. तेव्हा मुलाला कुशीवर निजवायचं, तोंडात काही घालायचं नाही, नाकाला काही लावायचं नाही, आणि थेट दवाखान्यात आणायचं. समजलं?"

"समजलं," आबा म्हणाले, आणि त्यांना खरोखर समजलं होतं.

परतीच्या वाटेवर भिकूअक्का बराच वेळ गप्प होती. आबांना वाटलं, पटलं. वाटेतलं मुकटी गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "डॉक्टर चांगला शे. त्याना डोयासमोरच जोडानी पोऱ्याले बरा करा, म्हणीसन तर तो बोलना, आते काही गरज नही."

आबांनी बैलांना हाकललं. मागे कापसाच्या रिकाम्या गाडीत तानुबाईने पदरात तोंड लपवलं होतं. ती रडतेय का हसतेय, हे आबांनी वळून पाहिलं नाही.

जोडा डॉक्टरांनाही पुरून उरला, ही गोष्ट त्या उन्हाळ्यात चहूकडे पसरली. अमळनेरहून माणसं आली. जळगावच्या मेहरूणहून एक गृहस्थ आगगाडीने अमळनेरपर्यंत आणि पुढे गाडीने आला, आणि जोड्यातल्या मातीची चिमूट कागदात बांधून मागू लागला. आबांनी त्याला सगळी हकीकत खरी खरी सांगितली. त्याने हात जोडून ती ऐकली आणि मग पुन्हा चिमूट मागितली.

श्रावणात एके दिवशी दुपारी शेजारच्या गावचा उखा धावत आला. कोसभर चिखल तुडवत. त्याची तीन वर्षांची मुलगी, सुमन. सकाळपासून ताप होता आणि आता ती आखडली होती. धावून धावून उखाला श्वास घेता येत नव्हता. "आबा, जोडा द्या!"

आबांनी भिकूअक्काच्या खुंटीवरचा जोडा उचलला आणि तेही उखाबरोबर निघाले. पन्नाशी उलटलेला माणूस, एका पायात जोडा नि दुसरा हातात, चिखलातून पळत सुटला.

उखाच्या घरात बायका रडत होत्या. मुलगी घोंगडीवर उताणी पडली होती. आबा तिच्यासमोर बसले आणि पहिल्यांदा तिचे डोळे पाहिले. डोळे वर फिरलेले, पांढरे. तोंडाला फेस. हात-पाय झटके देत होते. "सुमन! सुमन माय!" आबांनी हाक मारली. काहीच नाही. कपाळाला हात लावला, तर तव्यासारखं.

आबा मनातल्या मनात मोजू लागले. दहा झाले. वीस झाले. चाळीस झाले.

"जोडा लावा ना, आबा!" सगळे एका आवाजात म्हणाले.

आबांना कळलं होतं की हे ते नाही. हे दुसरं आहे. आणि हेही कळलं होतं की आपण आता खरं सांगितलं, की जोड्यात काही नाही, दवाखान्यात न्या, तर इथला एकही माणूस हलणार नाही. जोडा नाकाला लावतील, वाट पाहतील, मग दुसऱ्या नाकपुडीला लावतील. आठ महिने ते खरं सांगत होते आणि आठ महिन्यांत एकाही माणसाने ऐकलं नव्हतं.

त्यांनी मुलीला अलगद कुशीवर वळवलं. मग जोडा दोन्ही हातांनी उचलला, आपल्या कानाला लावला आणि डोळे मिटले. वास असा होता की ते सोंग करायलाही धीर लागत होता.

"जोडा सांगस," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला, कारण आयुष्यात हे त्यांना प्रथमच करावं लागत होतं, "पारोळानी वाट धरा. दवाखाना. आते. नाकले मी लागावनार नही, म्हणस."

"जोडा बोलस?" उखाने विचारलं.

"मन्हासंगे बोलस. गाडी जुंप!"

एकानेही 'पण' म्हटलं नाही. गाडी जुंपली, घोंगडी टाकली, मुलीला आईच्या मांडीवर कुशीवर निजवलं, ओल्या फडक्याने अंग पुसत राहायला सांगितलं. तेही जोड्याच्याच नावावर. गावाबाहेर पडण्याआधीच झटके थांबले आणि मुलगी ग्लानीत गेली. उखाने बैलांचा कासरा ओढला. "आबा, बरी व्हयनी. आते परत फिरूत?"

आबांनी जोडा पुन्हा कानाला लावला. "नही म्हणस."

असं वाटेत आणखी तीन वेळा झालं. एकदा नाल्याला पाणी होतं तेव्हा, एकदा उखाची बायको म्हणाली म्हणून, आणि एकदा आबांनाच वाटलं की गाडी हळू चाललीय म्हणून. जोड्याने तिन्ही वेळा पुढे जायला सांगितलं.

पारोळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मुलीला ठेवून घेतलं. हिवताप होता. क्विनाइन दिलं, अंग निववलं. तिसऱ्या दिवशी सुमनने खायला मागितलं. डॉक्टर उखाला म्हणाले, लवकर आणलीत ते फार बरं केलंत. उखा म्हणाला, आम्ही नाही, जोड्याने आणली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

आबा घरी आले. ओसरीच्या पायरीवर बसले. धुरपदाबाईंनी ताट सरकवलं, पण त्यांनी हात लावला नाही.

"काय व्हयनं?"

"मी खोटं बोलनू," आबा म्हणाले. त्यांनी सगळं सांगितलं. कानाला लावलं तेही सांगितलं. "एक डाव नही. पाच-सहा डाव बोलनू."

धुरपदाबाई आत गेल्या, घंगाळात कढत पाणी आणलं, पायरीवर बसल्या आणि आबांचा डावा पाय धुवायला घेतला. पाणी तीन वेळा बदलावं लागलं.

"चावडीवाले काय म्हणतीन?" आबांनी विचारलं.

"त्यास्ले सांगा, जोडानी सांगं."

त्यानंतर आबांची एक रीत ठरून गेली. कोणी जोड्यासाठी आलं की ते जोडा घेऊन जात, पण आधी मुलासमोर बसत, डोळे पाहत, नावाने हाक मारत, आकडे मोजत. मूल बघत असलं, हसत असलं, तर जोडा म्हणे, काही करू नका, सात मोजा. नसलं, तर जोडा दवाखाना सांगे. आणि कळेनासं झालं, तर तेव्हाही दवाखानाच सांगे. पारोळ्याच्या डॉक्टरांना काही दिवसांनी कोडं पडलं की टिटवीखेड्याच्या बाजूचे लोक एकाएकी इतके शहाणे कसे झाले.

छगनचं थरथरणं दुसऱ्या वर्षी कमी झालं. तिसरं सरता सरता तो गुळाकडे पाहून नुसता गूळ मागू लागला. भिकूअक्काने गावाला पुरणपोळीचं जेवण घातलं आणि आबांना धोतर-पागोटं आणि नवा जोडा दिला. माप घेऊन केलेला, धुळ्याहूनच आणलेला. त्या जेवणात तानुबाई वाढत होती. सासू गावासमोर जोड्याचा महिमा सांगत असताना ती आबांच्या पानापाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आबा, नऊना वर कधीच गया नही." आबांना ठसका लागला.

जुन्या डाव्या जोड्याचं काय झालं ते गावाला कळलं नाही. धुरपदाबाई एका भाद्रपदात धुणं घेऊन बोरीवर गेल्या, नदी दोन्ही काठ भरून वाहत होती, आणि त्या परत आल्या तेव्हा टोपलीत जेवढं नेलं होतं त्याहून थोडं कमी होतं. आबांनी विचारलं नाही. महिनाभर जो येई त्याला ते 'जोडा शिवायले गयेल शे' असं सांगत. एव्हाना त्यांना तेवढं जमू लागलं होतं. पुढे लोकांनी जोडा मागणं सोडून दिलं आणि नुसतं आबांनाच बोलावू लागले.

सत्तरी गाठली तेव्हा आबांना चालवत नसे, म्हणून लोकच मुलं घेऊन त्यांच्या ओसरीवर येत. १९४६ च्या सुमारास गावातली कमल माहेरी बाळंत झाली होती. ती एका सकाळी वीस दिवसांचं मूल घेऊन आली. मूल गाढ झोपलं होतं आणि झोपेत त्याचे हात उडत होते. एक झटका, दोन झटके, मग थोडं थांबून पुन्हा. कमलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आबांनी वाकून पाहिलं. ऐकलं. अंगाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. "झोपमाच व्हस का जागेपणी बी?"

"झोपमाच, आबा."

"उठाड त्याले."

कमलने मूल छातीशी धरलं. "उठाडू? आबा, दोन रातीपासून झोपेल नव्हता. मन्ही माय, मी, मन्हा बाप, बठ्ठास्नी पाळीपाळीनं हालाडं, तवय आते डोया लागना. मी कोणलेच उठाडू देवाव नही!"

"मग कसं समजी?"

बराच वेळ दोघं हुज्जत घालत बसली, हळू आवाजात, मूल उठू नये म्हणून. मुलाचे हात मध्येच उडत, आणि कमलच्या डोळ्यांत पाणी येई, आणि तरी ती उठवू देईना. शेवटी आबांनी हात पुढे करून मुलाच्या तळपायाला टिचकी मारली.

मुलाने डोळे उघडले. हात जागच्या जागी थांबले. एकही झटका नाही. त्याने आबांकडे पाहिलं, कमलकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग गाव गोळा होईल असा टाहो फोडला.

"देख," आबा समाधानाने म्हणाले. "जागा व्हताच बंद. काही नही, झोपमाना झटका शेत. मोठा व्हई तसा जातीन. तरी पारोळाले एक डाव दखाडी ये, डॉक्टर सांगी तेच खरं."

"ते समदं ठीक शे," कमल रडणाऱ्या मुलाला हलवत, चिडून म्हणाली. "पण आते याले झोपाडी कोण?"

आबांनी जरा विचार केला. मग काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात पुढे केले, मूल खांद्यावर घेतलं, आणि एका हाताने भिंतीचा आधार घेत ओसरीत फेऱ्या मारायला सुरुवात केली. कमल खांबाला टेकून बसली आणि बसल्या जागी झोपी गेली. मूल काही झोपलं नाही.